ब्लीचवर ॲसिड पडलं, तीन दिवस झाले तरी खोकला आहे

प्रश्न: बाथरूमच्या फरशीवर ब्लीच टाकलं होतं. डाग निघेनात म्हणून त्यावरच टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं. क्षणात उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, जोराचा ठसका लागला. मी लगेच बाहेर पळाले. आज तिसरा दिवस. डोळे बरे आहेत, पण घसा खवखवतो आणि रात्री कोरडा खोकला येतो. फुप्फुसाला कायमची इजा झाली असेल का?

उत्तर: तशी शक्यता फार कमी वाटते. तुम्ही सगळं टाकून पळालात, हे उत्तम केलंत. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. फरशी घासायला उकिडवं बसलेल्या माणसाचं नाकही तिथेच असतं. डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात क्लोरीन विरघळून आम्ल बनतं, म्हणून ती आग.

संपर्क थोडा असेल तर डोळ्यांची जळजळ काही तासांत थांबते, खोकला मात्र काही दिवस रेंगाळतो. तरीही एकदा छाती तपासून घ्या. श्वासनलिका आकसल्या असतील तर इनहेलरने आराम पडतो. आधीपासून दमा असेल, धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर आजच जा. क्वचित कुणाला अशा एकाच प्रसंगानंतर दम्यासारखा त्रास महिनोन्महिने राहतो.

शिकाऊ डॉक्टर असताना पाहिलेला एक रुग्ण मी विसरलेले नाही. नायट्रिक ॲसिडने धातू साफ करताना तपकिरी धूर त्याच्या छातीत गेला होता. सुरुवातीला जरासा खोकला, म्हणून तो घरी गेला. रात्री धापा टाकत आला तेव्हा फुप्फुसांत पाणी झालं होतं. तो वाचला. त्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. नाकाघशाला तो कमी झोंबतो, त्यामुळे माणूस थांबून राहतो आणि वायू खोलवर पोचतो. म्हणून जास्त वायू छातीत गेलेल्या माणसाला, तो ठीक दिसत असला तरी, निदान 24 तास एकटं सोडू नये.

डोळ्यांत वाफ गेली तर लगेच 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावेत. आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचे फोटो न्या. नुसतं ‘क्लीनर’ म्हटल्यावर आम्हाला काहीच कळत नाही.