जँगोमध्ये केवळ वाचनासाठीचे डेटाबेस कनेक्शन कसे सांभाळावे?

मालवणमधील होमस्टे-बुकिंगच्या आपल्या ॲपला आपण मुख्य पोस्टग्रेस डेटाबेससोबत एक रेप्लिका, म्हणजे त्याची केवळ वाचता येणारी प्रत, जोडली आहे आणि वाचन तिकडे वळवायला जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कचा राउटर (कोणती क्वेरी कोणत्या डेटाबेसकडे जाईल हे ठरवणारा कोड) पुरेसा आहे का, असे विचारले आहे. माझ्या अनुभवाने तो पुरेसा नाही. लिहिण्याची मनाई डेटाबेसनेच करायला हवी.

त्यासाठी वाचनाचा वेगळा युजर करून त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार द्या. पुढे मायग्रेशनने (टेबलांची रचना बदलणाऱ्या जँगोच्या फाइलींनी) तयार होणाऱ्या टेबलांनाही तो लागू व्हावा म्हणून, मायग्रेशन चालवणाऱ्या युजरसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ची आज्ञा एकदा देऊन ठेवा. ‘डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली’ हे ट्रान्झॅक्शन केवळ-वाचन ठेवणारे सेटिंग जरूर चालू करा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण डेटाबेसशी जोडलेले कोणतेही सेशन ते स्वतःच बंद करू शकते.

आम्ही देवगडहून हापूसच्या पेट्यांच्या मागण्या घेणारे ॲप केले, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर दोन्ही कनेक्शने एकाच डेटाबेसकडे, एकाच युजरने जात होती. आमच्या राउटरची, लेखन कुठे करायचे ते सांगणारी ‘डीबी_फॉर_राइट’ पद्धत काही मॉडेलांसाठी (मॉडेल म्हणजे टेबलाचा जँगोमधील क्लास) काहीच परत करत नव्हती, आणि अशा वेळी जँगो वस्तू जिथून वाचली तिथेच ती जतन करायला जातो. त्यामुळे रेप्लिकावरून वाचलेल्या मागणीची स्थिती ‘रवाना’ करून सेव्ह केली, की लॅपटॉपवर सारे सुरळीत चाले आणि सर्व्हरवर ऐन हंगामात २५००६ ही त्रुटी येई, म्हणजे केवळ-वाचन ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिण्याचा प्रयत्न. म्हणून मर्यादित अधिकारांचा युजर लॅपटॉपवरही वापरा. चूक पहिल्याच दिवशी समोर येते.

दुसरा प्रश्न विलंबाचा. एका ग्राहकाने पाच डझनांची पेटी मागवली, पुढच्या पानावर ती दिसली नाही, म्हणून त्याने पुन्हा मागवली. रेप्लिका काही क्षण मागे होती, एवढेच. आता लेखन झालेल्या ग्राहकाच्या सेशनमध्ये आम्ही वेळ नोंदवतो आणि पुढचे दहा सेकंद त्याचे वाचनही मुख्य डेटाबेसवरून करतो. ही खूण मिडलवेअर (प्रत्येक विनंतीच्या आधी-नंतर चालणारा कोड) कॉन्टेक्स्टव्हारमध्ये, म्हणजे राउटरलाही वाचता येणाऱ्या पायथनच्या चलात, ठेवते आणि विनंती संपताच पुसते, नाहीतर तोच थ्रेड पुढच्या ग्राहकाला जुनी खूण दाखवतो.

आपल्याकडे खोल्यांचे फोटो, दर आणि अहवाल निःशंक रेप्लिकावरून वाचा. बुकिंग पक्के करताना खोली रिकामी आहे का, हे मात्र मुख्य डेटाबेसवर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’नेच, म्हणजे ओळ लॉक करून वाचतच, तपासा, रेप्लिकावर ते चालतच नाही.