कॅरॅव्हान जोडली की गाडीचं नाक वर

प्रश्न: आम्ही मेलबर्नला असतो, नुकतीच सेकंडहँड १६ फुटी कॅरॅव्हान घेतली, सिंगल ॲक्सल, एटीएम (सामानासकट कमाल वजन) १६०० किलो. जोडली की आमची एसयूव्ही मागे बसते आणि रात्री समोरून येणारे सगळे लाइट मारतात. दुकानवाला म्हणतो वेट डिस्ट्रिब्युशन हिच (स्प्रिंगसारख्या बार ताणून वजन वाटून देणारी जोडणी) घ्या, शेजारी म्हणतो मागच्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग (हवेच्या पिशव्या) टाका, झालं काम. कोणाचं ऐकू?

उत्तर: लाइट मारतात कारण तुमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यात जातायत. बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हान अडकते त्यावर, कॅरॅव्हानचं साधारण १० टक्के वजन येतं, म्हणजे तुमचं १६० किलोच्या आसपास, आणि ते गाडीच्या मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं, मग सी-सॉसारखी पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग, ब्रेकिंगची भिस्त तर त्यांच्यावरच. एअरबॅगने मागची बाजू उचलली जाईल, गाडी सरळ दिसेल, पण पुढचं गेलेलं वजन परत येणार नाही. हिचच्या बार ताणल्या की त्यातलं काही पुढच्या चाकांवर येतं, काही कॅरॅव्हानच्या चाकांवर. म्हणून मी दुकानवाल्याच्या बाजूने, पण आधी गाडीचं मॅन्युअल बघा, काही कंपन्या या हिचला चक्क नाही म्हणतात, आणि हिच लावली म्हणून टोबारच्या (बॉल बसवलेला गाडीमागचा दांडा) प्लेटवरची मर्यादा वाढत नाही हां. ओव्हरराइड ब्रेक (गाडी थांबताना कॅरॅव्हान पुढे रेटते, त्या दाबाने लागणारे) असतील तर बारमुळे कपलिंगचं (बॉलवर बसणाऱ्या कॅरॅव्हानच्या टोकाचं) सरकणं अडत नाही ना हेही विचारून घ्या.

सेटिंगला टेप पुरते. कॅरॅव्हान न जोडता गाडीच्या पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा ८०० मिमी, जोडल्यावर ८३० झाली, तर बार ताणून ८१५ पर्यंत तरी आणा. ८०० च्या खाली गेली तर ताण जास्त झाला, बार ताणणाऱ्या चेनची एक कडी सोडा. चेन चढवताना कपलिंग लॉक करून जॉकी व्हीलने (कॅरॅव्हानच्या पुढच्या टोकाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) गाडीसकट कॅरॅव्हानचं नाक वर घ्या, बार आपोआप हलकी होते. मी पहिल्यांदा हे न करता नुसत्या लिव्हरवर जोर लावत बसलो, लिव्हर सटकून असा उलटा आला की हनुवटी थोडक्यात वाचली.

आणि बॉलवरचं वजन कमी करायला सामान मागच्या टोकाला ढकलू नका. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, तसंच हे, फक्त इथे ताशी १०० च्या स्पीडला कॅरॅव्हान शेपटी हलवायला लागते. खडबडीत रस्त्यावर किंवा उभ्या चढाच्या ड्राइव्हवेत शिरताना बार काढून ठेवा.