रोजच्या जगण्यात प्रेरणा कुठून आणता? चांगुलपणा, आशा, जुन्या आठवणी यांचा खरंच काही उपयोग होतो का?

प्रश्न वाचून पुढे जाणार होतो, कारण असल्या प्रश्नांखाली लोक सूर्योदयाचे फोटो टाकतात. पण तुम्ही खाली जे लिहिलंय ना, की चांगुलपणाच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात पण शेवटी जो तो हिशोबानेच वागतो, ते वाक्य आमच्या दादाचं आहे. शब्दन् शब्द. दादा गगनबावड्याकडे शेती करतो, मोबाईलवर फक्त हवामान आणि उसाचं बिल बघतो, त्यामुळे हा प्रश्न त्याने टाकलेला नाही एवढं नक्की. पण मला आता गप्प बसवणार नाही.

आधी एक सांगून टाकतो. सकाळी सहाला ग्रुपवर येणारे सुविचार, गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, यातून मला आजवर काडीचं काही मिळालेलं नाही. माझ्या मेहुण्याने एका शिबिराला बारा हजार भरले, दोन दिवस टाळ्या वाजवून आला, तिसऱ्या दिवशी गाडीचा हप्ता थकला म्हणून फोन मलाच. असो.

तर १९९६. दहावी झाली आणि कोल्हापूरला आयटीआयला नंबर लागला, टर्नर, म्हणजे लेथ मशीनचं काम. कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचं, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचं गाव, शाहू महाराजांनी १९०१ ला पहिलं मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची काढायला लावली, पण मी अर्ज करायलाच उशीर केला, जागा संपल्या. मग फुलेवाडीजवळ चौघांत एक खोली. भाडं कसंबसं जमत होतं, मेसचं जमत नव्हतं. आईने सरळ सांगितलं, डबा एसटीने यील.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पण तुम्ही तरुण दिसता म्हणून सांगतो. गावात वस्तीची गाडी यायची, म्हणजे मुक्कामी. रात्री साडेआठला यायची आणि सकाळी सहाला कोल्हापूरला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे. त्यांच्या जेवणाचे गावातल्या पाच-सहा घरांनी वार लावून घेतले होते, आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार. आणि सकाळी त्याच गाडीत शिकणाऱ्या पोरांचे डबे चढायचे. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, झाकणावर लाल ऑइलपेंटने नाव, फडक्यात बांधलेला. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनच्या बॉनेटवर सात-आठ डबे रांगेत, त्यामुळे आठ-सव्वाआठला रंकाळा स्टँडवर पोचेपर्यंत नाचण्याची भाकरीसुद्धा कोमट असायची. नियमाने बघायला गेलं तर लगेजचं तिकीट फाडायला हवं. दोन वर्षांत आमच्या डब्याचं कुणी फाडलं नाही. संध्याकाळी सव्वासहाच्या गाडीला रिकामा डबा परत द्यायचा. दोन डबे फिरते, एक माझ्याकडे एक वाटेत.

जुलैत पाऊस लागला. कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे पाठ असतात, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, पण आमचा रस्ता त्या आकड्यांची वाट बघत नाही, तो आधीच बंद होतो. वाटेत मांडुकली गावाला रस्त्यावर पाणी आलं की गगनबावडा तुटला. एका सकाळी स्टँडवर गेलो तर कंट्रोलर म्हणाला गाड्या कळ्यापर्यंतच, म्हणजे वाटेतल्या कळे गावापर्यंत, पुढं बंद. म्हणजे आमची वस्तीची गाडी पाण्याच्या पलीकडे आणि मी अलीकडे. बेकरीतले पाव आणि चहा यावर दिवस काढला. संध्याकाळी परत स्टँडवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. रिकामा डबा हातात घेऊन. का गेलो विचारू नका, रस्ता बंद आहे हे ठाऊक होतं, पाऊस थांबलेला नव्हता, पण खोलीत बसून करणार काय.

कळ्याच्या गाडीवर एक कंडक्टर होता, आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गाडीच्या दारात उभा राहून त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठला रं तू?"

गाव सांगितलं.

"कालपासनं हितंच हाईस व्हय? दे तो डबा हिकडं. सांजच्याला सातला ये."

मला वाटलं कुठून तरी आडवाटेने पाठवतोय पलीकडे. सातला गेलो, त्याने डबा हातात दिला, जड लागला, मी म्हटलं आईने कमाल केली. खोलीवर येऊन उघडला तर आत चपात्या. घडीच्या, तेल लावलेल्या. आमच्या घरी चपाती सणाला व्हायची. बरोबर दोडक्याची भाजी आणि कांदा-लसणाची चटणी, आणि ती चटणी आमच्या घरची नव्हती हे पहिल्या घासाला कळलं. चौघांनी मिळून खाल्लं, भांडून खाल्लं. पाणी उतरेपर्यंत चार दिवस हेच. सकाळी रिकामा डबा द्यायचा, संध्याकाळी भरलेला घ्यायचा. तिसऱ्या दिवशी मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं की मास्तर, पैसे. तो म्हणाला, "गप. तिखट जास्त हाय का तेवढं सांग, आमच्यात असंच असतंय."

तिखट बरोबर आहे म्हणालो. एवढंच बोललो. मग रस्ता सुरू झाला, आईचा डबा यायला लागला आणि मी त्या माणसाला साधं भेटायलाही गेलो नाही. सतरा वर्षांचा होतो, लाज वाटत होती, की दुसऱ्याच्या घरचं खाल्लं. पुढे एकदा तो चालत्या गाडीत दिसला, डबल बेल दिली आणि गाडी गेली. नावही माहीत नाही. बिल्ल्याचा नंबर तेव्हा बघितला होता, विसरलो.

आता दादा. त्या दिवाळीला घरी हे सांगितलं तर आईच्या डोळ्यात पाणी आणि दादा काय म्हणतो, "त्यात काय मोठं? आईनं त्या लोकास्नी किती वर्सं घातलंय, त्यांनी फेडलं." मी म्हटलं अरे तो मास्तर आपल्या गावाला कधी वस्तीला आलेलाच नाही, तो कळ्याच्या लाइनीला, आईची भाकरी त्याने बघितलेली नाही. दादा म्हणाला, त्याच्या दोस्तानं खाल्ली असंल. बास, तेव्हापासून प्रत्येक दिवाळी, प्रत्येक लग्न, बारसं, हाच वाद. आईच्या दिवसकार्यालासुद्धा तेराव्याला जेवणं उरकल्यावर आम्ही दोघे यावर भांडलोय, पाहुणे बघत होते.

आणि माझं म्हणणं मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो कारण इथे दादा मध्ये बोलू शकत नाही. हिशोब म्हणजे ज्याने दिलं त्याला परत. इथे आईने दिलं एकाला आणि परत आलं भलत्याकडून, ज्याला माहीतच नाही की कोणी कधी काय दिलं होतं. याला फेडणं म्हणत नाहीत. वहीत एका पानावर जमा आणि भलत्याच माणसाच्या पानावर नावे असं कोणता वाणी लिहितो मला दाखवा. तुम्ही पण दाखवा.

हां, तुमचा प्रश्न. आशेबद्दल विचारलंय तुम्ही. मला वाटतं लोक आशा म्हणजे सगळं चांगलं होणार असं मनाला समजावत बसणं समजतात, ते मला जमत नाही. मी तेव्हा काही सकारात्मक वगैरे नव्हतो, भूक लागली होती आणि चिडलो होतो. पण रस्ता बंद असताना रिकामा डबा घेऊन स्टँडवर उभा होतो म्हणून त्या माणसाला दिसलो. खोलीत पांघरूण घेऊन पडलो असतो तर त्याचं मन कितीही मोठं असतं तरी त्याला मी कुठून सापडणार होतो? सकाळी उठवत नाही म्हणता ना तुम्ही, मग मन तयार व्हायची वाट बघू नका, आंघोळ करून चार माणसं दिसतील अशा जागी जाऊन उभे राहा. माझ्याकडे एवढंच आहे.

आठवणींचं म्हणाल तर त्या जपायच्या म्हणजे फोटोत नव्हे, कुणाला तरी सांगायच्या. आणि चुकीच्या सांगितल्या तरी चालतं. मी चार दिवस म्हणतो, खोलीतला माझा मित्र अजून म्हणतो तीनच दिवस होते आणि चपात्या पहिल्या दिवशी नव्हत्याच, भात होता. त्याच्याशी पण वाद आहे माझा.

सध्या मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दरवर्षी आयटीआयची अप्रेंटिस पोरं येतात, बीडची, नांदेडची, वाशिमची, पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना वडापाववर काढतात आणि विचारलं की म्हणतात सर जेवण झालंय. तोंडावरून कळतं झालंय की नाही. तर माझ्या डब्यात चार भाकरी जास्तीच्या असतात. उपकार म्हणून सांगत नाही, दुपारी साडेबाराला त्या पोरांनी लाजत लाजत भाकरी उचलली की माझी सेकंड हाफ बरी जाते, मशीन बंद पडली तरी कुणावर ओरडत नाही. हीच माझी प्रेरणा. झालं उत्तर.

झालं म्हणालो खरं, पण परवा हे सगळं बायकोला ऐकवत होतो, की बघ असं असं लिहितोय, तर ती पोळपाट धुता धुता म्हणाली, "अहो, त्या चार भाकरी पहाटे पाचला उठून करतं कोण? आणि मास्तरनं डबा आणला हे शंभरदा ऐकलं मी. एसटीपर्यंत डबा कोण आणत होतं?"

दादा आणत होता.

आमचं घर गावात नाही, रानात, एसटी थांबते तिथून दीड-दोन किलोमीटर. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, वडिलांची कंबर गेली म्हणून त्याची शाळा दहावीलाच सुटली. दोन वर्षं पहाटे पाचला, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, चिखलातून तो डबा स्टॉपवर आणून द्यायचा. सोमवारी आणि गुरुवारी रात्री ड्रायव्हर-कंडक्टरची आमटी-भाकरी देवळात नेऊन द्यायची ती पण त्यानेच. आईने केली, पण पोचवली त्याने. म्हणजे तो जेव्हा म्हणतो त्यांनी फेडलं, तेव्हा तो कदाचित आईचा हिशोब सांगतच नसेल. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी मास्तरची गोष्ट सांगतोय आणि तो समोर बसून ऐकतोय, आणि त्या गोष्टीत तो कुठेच नाही. माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी. तरी वादातला त्याचा मुद्दा चूकच आहे, हे वेगळं.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा त्याचा एकदा फोन आला होता, काही काम नव्हतं. म्हणाला, "गाडीच न्हाई आता. पाचला जाग येती, उठून करायचं काय?" मी तेव्हा हसलो होतो.

थोडं राहिलं ते सांगतो, नाहीतर लोक खाली येऊन म्हणतील एसटीची जाहिरात करतोय. सगळे मास्तर असे नव्हते. आमचा एक डबा कायमचा हरवला, एकदा भाजी सांडली म्हणून एकाने भर स्टँडवर आईवरून शिवी दिली होती, ती पण आठवते. आणि तुम्हाला खरंच कित्येक आठवड्यांपासून झोप नसेल, जेवण जात नसेल, कशातच राम वाटत नसेल, तर माझ्या डब्याच्या गोष्टीने काही होणार नाही, डॉक्टरला दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजून काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

हे उत्तर दादाला पाठवतोय. तो वाचणार नाही, चष्मा सापडत नाही म्हणेल. वहिनीला सांगितलंय, रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखव, आणि शिवी दिली तर कुठल्या वाक्याला दिली तेवढं कळव.