वाचकांचे प्रश्न : खांबावरची शिवण, चौकटीचा कोपरा

या वेळचे प्रश्न सोर्स इंजिनच्या हॅमर एडिटरचे आहेत, म्हणजे हाफ-लाइफ २ आणि काउंटर-स्ट्राइक: सोर्स या संगणक-खेळांचे नकाशे (खेळातल्या जागा) ज्यात बनतात त्या सॉफ्टवेअरचे. सोर्स २ मधलं हॅमर भरीव ठोकळ्यांऐवजी मेशवर, म्हणजे पृष्ठांच्या जाळीवर चालतं, त्यामुळे यातलं बरंचसं तिथे लागू होत नाही.

प्रश्न : १२८ युनिट रुंदीचा, आठ बाजूंचा खांब केला आणि त्याला विटांचं मटेरियल लावलं. तिरप्या बाजूंवर विटा ताणल्या जातात आणि एका कडेला वीट मध्येच तुटते. ‘फिट’ दाबलं तर सगळंच बिघडतं.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. विटा ताणतात कारण अलाइनमेंट (चित्र बाजूवर कसं बसवायचं ती निवड) ‘वर्ल्ड’ वर आहे. त्यात टेक्स्चर, म्हणजे मटेरियलचं चित्र, सरळ अक्षाच्या दिशेनं पडतं, पडद्यावर प्रोजेक्टरचं चित्र पडावं तसं. पडदा तिरका असला की चित्र लांबतं, ४५ अंशांवर १.४१ पट. ‘फेस’ वर टिचकी करा, ताण जाईल. ‘फिट’ अख्खं टेक्स्चर एकेका बाजूत कोंबतं. तुमची प्रत्येक बाजू जेमतेम ४९ युनिटांची, म्हणून विटा चिंचोळ्या होतात. ते बटण पोस्टर आणि दारांसाठी ठेवा.

आता गुंडाळणं. शिफ्ट+ए दाबून फेस एडिट शीट उघडा. खांबाची जी बाजू भिंतीकडे किंवा अंधारात आहे, तिच्यावर डावी क्लिक करून तिथून सुरुवात करा, म्हणजे शिवण (टेक्स्चरची दोन टोकं भेटतात ती रेघ) तिथे लपेल. तिची अलाइनमेंट आणि स्केल (चित्र किती मोठं पडेल ते प्रमाण) पक्की झाली की आल्ट दाबून शेजारच्या बाजूवर उजवी क्लिक करा. टेक्स्चर कडेवरून वळून पुढे चालू राहील. मग त्या नव्या बाजूवर डावी क्लिक, पुढचीवर आल्ट आणि उजवी क्लिक. एकाच दिशेनं जा. मध्येच उलटं फिरलात की शिवण दिसणाऱ्या बाजूला येऊ शकते. निवडलेल्या बाजूवरचा लाल रंग आड येत असेल तर ‘हाइड मास्क’ लावा.

राहिली तुटलेली वीट. इथे शिंप्यासारखं माप घ्यावं लागतं. खांबाचा परीघ सुमारे ३९१ युनिट. ५१२ पिक्सेलचं टेक्स्चर ०.२५ स्केलवर १२८ युनिट व्यापतं, म्हणजे तीन फेऱ्यांत ३८४. उरलेल्या सात युनिटांत वीट तुटते. तेव्हा ३९१ ला ३ नं भागा, येतात १३०.३, त्याला ५१२ नं भागा, आले ०.२५४६. पहिल्याच बाजूवर एक्स (आडवं) स्केल एवढं द्या, वाय (उभं) ०.२५ च राहू द्या. दोन टक्क्यांच्या आतला फरक डोळ्याला कळत नाही. हिशेबात स्केल दहा टक्क्यांहून जास्त हलत असेल, तर स्केल सोडा आणि खांबाचीच जाडी बदला.

प्रश्न : लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात उभ्या फळीचे रेषे आडव्या फळीवर धडकल्यासारखे दिसतात.

उत्तर : सुतार जे करतो तेच करा, कोपरा ४५ अंशांत कापा. चौकट ८ युनिट जाड असेल तर ग्रिडही ८ वर ठेवा आणि दोन्ही फळ्या कोपऱ्यात एकमेकींवर येतील एवढ्या लांब घ्या. शिफ्ट+एक्सनं क्लिप टूल घेऊन आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. तेच बटण पुन्हा दाबलं की कोणता तुकडा राहणार ते बदलतं, मग एंटर. दुसऱ्या फळीलाही तसाच छेद. आडव्या फळीचं टेक्स्चर ९० अंशांत फिरवा. आधी सगळ्या चौकटीला नोड्रॉ (खेळात न रेखाटलं जाणारं मटेरियल) लावून मग फक्त दिसणाऱ्या बाजूंना लाकूड द्यावं, म्हणजे भिंतीत गेलेली बाजू चुकूनही रेखाटली जात नाही. शेवटी चौकट निवडून कंट्रोल+टी दाबा आणि तिला फंक-डिटेल (बारीकसारीक भागांसाठीचा प्रकार) करा, नाहीतर कुठून काय दिसतं याचा हिशेब करताना तिच्यामुळे नकाशाचे नाहक तुकडे पडतात.

प्रश्न : मोठ्या दगडाभोवती जमीन नीट बसवायची आहे. कार्व्ह (एका आकारानं दुसरा कापण्याची सोय) वापरू का?

उत्तर : नको. दगड प्रॉप (तयार मॉडेल) असेल तर कार्व्ह त्याला कापतच नाही, आणि गोल ब्रशनं (हॅमरमधल्या भरीव ठोकळ्यानं) कापलं तर जमिनीचे इतके बारीक काप होतात की टेक्स्चर जुळवता जुळवता दिवस जाईल. जमीन न कापता दगड तिच्यात थोडा बुडवा आणि जमिनीच्या वरच्या बाजूचं डिस्प्लेसमेंट (उंचसखल करता येणारी जाळी) करा. त्याला चारच कडांची बाजू चालते. २५६ युनिटांच्या चौरसाला पॉवर ३ दिली की बाजूला आठ चौकोन पडतात, म्हणजे दर ३२ युनिटांवर एक बिंदू. छोट्या दगडाला पॉवर ४ लागेल, पण ती सगळीकडे वापरू नका. पेंट जॉमेट्रीनं दगडालगतची माती किंचित वर उचला. मिश्र (दोन टेक्स्चरांचं) मटेरियल घेतलं असेल तर पेंट अल्फानं तिथे चिखलाचं कडं काढा. दगड आणि माती भेटतात तिथली धारदार रेघ त्यात लपते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. शेजारच्या डिस्प्लेसमेंटची कड तेवढीच किंवा नेमकी निम्मी नसेल तर ‘स्यू’ हे शिवण्याचं बटण त्यांना जोडत नाही आणि फट राहते. शिवाय डिस्प्लेसमेंट नकाशा बंदिस्त करत नाही. त्याच्याखाली साधा नोड्रॉ ब्रश ठेवला नाही तर कंपाइल करताना (नकाशा खेळासाठी तयार करताना) लीक, म्हणजे बाहेरच्या पोकळीकडे उघडं भोक, निघते.

प्रश्न : सगळं जुळवल्यावर खांब सरकवला की विटा जागच्या हलतात.

उत्तर : वरच्या पट्टीतलं टेक्स्चर लॉक बंद आहे. ते सुरू करा, मग सरकवा.