शिवीगाळणी: शिवी + गाळणी, की शिवीगाळ + णी?

प्रश्न असा आला आहे: "मजकुरातल्या शिव्या आपोआप ओळखून काढणाऱ्या सोयीला इंग्रजीत प्रोफॅनिटी फिल्टर म्हणतात. एका ॲपच्या मराठीकरणात त्यासाठी 'अश्लीलता-चाळणी' हा शब्द सुचवला गेला आहे. मला तो खटकतो, पण का ते नेमकं सांगता येत नाही."

खटकायलाच हवा. दोन्ही तुकडे चुकले आहेत.

आधी चाळणी. पीठ चाळतात, चहा गाळतात. एकीकडे कोंडा मागे राहतो, दुसरीकडे चोथा. काम तेच. पण मजकुरापुरती निवड मराठीने केव्हाच करून ठेवली आहे. आपण ओळ गाळतो, यादीतून नाव गाळतो, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतो. पुस्तक 'चाळलं' म्हणजे मात्र नुसती पानं उलटली. शिव्या चाळणारं यंत्र त्या वरवर वाचून पुढे जाईल. तेव्हा गाळणी.

अश्लीलतेचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. आजच्या मराठीत अश्लील म्हणजे लैंगिक, एवढाच अर्थ उरला आहे. 'गाढवा' ही शिवी आहे, पण अश्लील नाही. 'मुडदा बशिवला तुझा' तर नाहीच नाही. संस्कृत काव्यशास्त्रात मात्र अश्लीलाचा पसारा मोठा होता: लाज आणणारं ते अश्लील, किळस आणणारं तेही, आणि अमंगळ सुचवणारं तेही. त्या हिशेबाने मुडदा सहज आत बसला असता. पण तो अर्थ आता ॲप वापरणाऱ्याच्या डोक्यात नाही, आणि शब्द त्याच्यासाठी करायचा आहे.

काव्यशास्त्राचं नाव निघालंच आहे तर एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काश्मीरचा मम्मट, अकरावं शतक, ग्रंथ 'काव्यप्रकाश'. काव्यातले दोष सांगताना तो संधीमुळे येणाऱ्या अश्लीलतेचा दोष सांगतो. एका श्लोकाच्या शेवटी 'रुचिं कुरु' असे दोन निरुपद्रवी शब्द आहेत. जोडून म्हटले की मधूनच 'चिंकु' ऐकू येतं, आणि टीकाकार सांगतात की काश्मिरी बोलीत तो स्त्रीच्या गुप्तांगाचा ग्राम्य शब्द होता. कवीच्या मनात नाही, अर्थात नाही, कोशात तर नाहीच. आहे तो फक्त दोन शब्दांच्या सांध्यात.

आता 1996 सालात या. इंग्लंडमध्ये लिंकनशर परगण्यात स्कनथॉर्प नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. एओएल या इंटरनेट कंपनीच्या गाळणीने तिथल्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत एक सणसणीत शिवी लपली आहे. तेव्हापासून या जातीच्या चुकीला 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात. माझ्यापुरतं मी त्याला 'चिंकुदोष' म्हणतो. नऊशे वर्षांची ज्येष्ठता आहे. फरक इतकाच की मम्मटाला अर्थ कळत होता आणि तरीही कान टोचला. यंत्राला नुसताच कान आहे.

मराठीतला चिंकुदोष शोधायला लांब जावं लागत नाही. 'गांडूळ' लिहा आणि शेवटच्या ळवर बोट ठेवा. गांडूळखताची माहिती देणाऱ्या बिचाऱ्या शेतकऱ्याची ओळ 'फुल्या-फुल्या-ळखत' होऊन बसेल. वास्तविक हा शब्द कुलीन घरातला आहे: संस्कृतात गांडुळाला गण्डूपद म्हणतात. भोसरीकरांनाही जपून राहायला हवं. पिंपरी-चिंचवडमधली एवढी मोठी औद्योगिक वसाहत, पण उत्तरेकडच्या एका लोकप्रिय शिवीपासून तिचं नाव हाताच्या अंतरावर आहे.

यावर 'मग पूर्ण शब्द जुळला तरच गाळा' असं कोणीही म्हणेल. रोमन लिपीत ते बऱ्यापैकी जमतं. देवनागरीत मात्र शब्द कुठे संपतो हेच काही साधनांना कळत नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतली शब्दसीमेची नेहमीची खूण रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच शब्द मानते. पायथन या तशाच दुसऱ्या भाषेचं नेहमीचं साधन व्यंजनं ओळखतं, पण काना, उकार, अनुस्वार यांना शब्दाचा भाग धरत नाही. त्याच्या लेखी 'गांडूळ' म्हणजे ग, ड, ळ अशी तीन सुटी बेटं. कंटाळलेला प्रोग्रामर सीमा सोडून देतो, शब्दात कुठेही सापडलं तरी गाळा म्हणतो, आणि गांडूळ मरतं.

बरं, 'गांडूळ'ला सूट दिली, तर पुढे सामान्यरूप उभं आहे: गांडुळाचं, गांडुळांना. दीर्घ डू ऱ्हस्व झाला, सूट संपली. आणि यादीत शिवीची ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही रूपं ठेवावीच लागतात, कारण शुद्धलेखन पाळून शिव्या देणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माणसांच्या गाळणीनेही कमी पराक्रम केलेले नाहीत. तुकोबांच्या 'मऊ मेणाहूनि' या अभंगातली लंगोटी आपण 'कासेची' म्हणून पाठ केली. गाथेत ती 'गांडीची' आहे. आणि कोकणातले आजोबा नातवाला 'शिंच्या' म्हणून जवळ घेतात, तेव्हा मूळ 'शिंदळीच्या' आठवून गाळायचं की नाही? मी तरी गाळणार नाही.

आता तुमचा शब्द. माझं मत 'शिवीगाळणी'ला, आणि जोडूनच लिहा. कारण 'शिवीगाळ'मधला गाळ नदीतला नव्हे. तो संस्कृत 'गालि', हिंदीतली 'गाली', जुन्या मराठीतली 'गाळी', म्हणजे शिवीच. 'धनदौलत'सारखा एकाच अर्थाचा हा जोड आहे. आपलं 'गालिप्रदान' त्याच घरातलं. 'गाळणे'चं कूळ निराळं, तो 'गल्' धातू, झिरपण्या-गळण्याचा. दोन अनोळखी गाळ एका शब्दात असे चपखल भेटलेत की 'शिवी + गाळणी' वाचा किंवा 'शिवीगाळ + णी', काम तेच निघतं. अशी सोय इंग्रजी शब्दात नाही.

एक खबरदारी. तुमचं ॲप शब्द खरोखर काढून टाकत असेल तरच त्याला गाळणी म्हणा. नुसते तारे छापत असेल, तर त्या बटणावर 'फुल्या घाला' लिहा. छापील मराठीत शिव्यांवर फुल्याच पडत आल्या आहेत, आणि मोठ्याने वाचणाराही 'फुल्या फुल्या' असंच वाचतो.