पाकिस्तानातून आलेले सिंधी शेजारी कायद्याने 'निर्वासित' आहेत का?

तुम्ही विचारलंय की इंदूरमध्ये पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात, मग ती निर्वासित की परदेशी?

नागरिकत्व मिळेपर्यंत कायद्याच्या भाषेत परदेशी. कारण भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही आणि आपला वेगळा निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, हे सरकार ठरवतं, आणि राजकारण शिरतं ते इथेच. तिबेटी लोकांना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरीच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशाच एका सिंधी कुटुंबाचं कापडाचं दुकान आहे. मालकांच्या गल्ल्याखाली प्लास्टिकची एक फाइल असते: पासपोर्ट, फोटो, झेरॉक्सचे गठ्ठे. दीर्घ मुदतीचा व्हिसा संपत आला की "भाऊ, जरा दुकान बघा" म्हणून तो वाढवून घ्यायला निघतात. 2016 पासून अशा व्हिसावर पाकिस्तानातून आलेल्या तिथल्या अल्पसंख्याकांना (हिंदू, शीख वगैरे) बँक खातं, पॅन, राहण्यापुरतं घर घेता येतं. मतदान मात्र नाही.

2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी नागरिकत्वाला लागणारी वास्तव्याची अट 11 वरून 5 वर्षांवर आणली. नियम आले थेट मार्च 2024 मध्ये! मुसलमान त्यात नाहीत, श्रीलंकेचे तमिळही नाहीत. माझ्या मते खरी उणीव हीच: छळ हा निकष हवा होता, धर्म आणि देशांची यादी नव्हे. आमचे दुकानदार 2013 चे, म्हणून तारखेच्या अटीत बसले. त्यांचा मेहुणा 2016 ला आला, तो अजून व्हिसावरच.