शिजताना तांदळाच्या दाण्याच्या आत काय होतं? नवा इंद्रायणी गिच्च आणि जुना मोकळा, असं का?

तुम्ही विचारलंय की भांडं, पाणी, आच सगळं तेच असताना नव्या इंद्रायणीचा भात गिच्च होतो आणि वर्षभर ठेवलेल्याचा मोकळा, तर दाण्याच्या आत असं वेगळं काय घडतं? मी शिराळा तालुक्यातला, घरची भातशेती. दर मळणीनंतर आमच्याकडं हा विषय निघतोच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तांदळातला ओलावा सोडला तर उरलेल्यात जवळपास 90 टक्के स्टार्च असतो. पेशींच्या आत त्याचे कोनेदार कण ठासून भरलेले असतात, एकेक कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा. तांदूळ भिजत घाला आणि 15-20 मिनिटांनी एक दाणा उजेडात धरा. काचेसारखा दाणा पांढरा पडलेला दिसेल, त्यावर आडव्या बारीक चिरा. पाणी आत शिरतं ते बरंचसं या चिरांतून, म्हणून भिजवलेला तांदूळ लवकर आणि सारखा शिजतो.

खरा बदल उष्णतेनं होतो. जातीनुसार 55 ते 79 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चची घट्ट रचना मोडते आणि कण पाणी पिऊन फुगतात. हे बाहेरून आत सरकत जातं. अर्धकच्चं शीत काचेच्या दोन तुकड्यांत दाबून बघा: कडेला पारदर्शक, मधे पांढरा ठिपका. तीच कणी. तिथं उष्णता पोचलेली असते, पुरेसं पाणी पोचलेलं नसतं. त्यामुळं आच वाढवून कणी जात नाही. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ जिरू द्यावी लागते.

आता गिच्चपणा. दाणा फुगताना थोडा स्टार्च बाहेर पाण्यात उतरतो, पेज दाट होते ती त्यानंच. शितांवर राहिलेला त्याचा थर त्यांना एकमेकांना चिकटवतो. स्टार्चमधलं अमायलोज ज्या जातीत जास्त, तिचा भात मोकळा. पण तुमची जात एकच आहे, फरक वयाचा आहे. साठवणीत दाण्यातली प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधली जातात, पेशींच्या भिंती कडक होतात. मग जुना दाणा जास्त पाणी पितो, चांगला फुलतो, तरी फुटत नाही. नव्याच्या भिंती लवकर सैल पडतात आणि आतला स्टार्च बाहेर येतो. म्हणून नव्याला पाणी कमी घाला आणि वैरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवा.

माझं मत विचाराल तर नव्या इंद्रायणीला मोकळं करायच्या मागं लागूच नका. तो आसटच खावा, वर गरम आमटी आणि तूप. पुलावाला जुना तांदूळ घ्या. आणि नव्याचाच फोडणीचा भात करायचा असेल तर रात्री शिजवून, निवला की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. गारठ्यात स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन बांधले जातात, शीत ताठ होतं आणि सकाळी कढईत चांगलं सुटतं.